शेडचं दार उघडणारे सिनेमे

मुरमाड :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं, आज बसलोच. लांबलंय जरा, पण तोडून लिहिता येईना.

मागच्या महिन्यात 'फूड, इंक.' पाहिला. रॉबर्ट केनरचा २००८ चा माहितीपट, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेला, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कधीच पाहिला असेल, माझ्यापर्यंत आत्ता पोचला. अमेरिकेतलं अन्न मूठभर कंपन्यांच्या हातात कसं गेलं हा विषय. मका आहे, गायी आहेत, डुकरं आहेत, बियाणं आहे. पण मी अडकलो ते सुरुवातीच्याच एका भागात. केंटकीचा एक शेतकरी शेडमध्ये कॅमेरा घेऊन या म्हणतो, मग कंपनीची माणसं त्याच्याकडे येऊन जातात आणि तो नाही म्हणतो. आणि मग मेरीलँडमधली कॅरोल मॉरिसन नावाची बाई येते, तीही एका बड्या कंपनीसाठी करारावर ब्रॉयलर, म्हणजे मांसाच्या कोंबड्या, वाढवणारी, आणि ती दार उघडते.

आत धूळ, पिसं आणि पांढऱ्या पक्ष्यांनी भरलेली जमीन. पक्षी चार पावलं टाकतात आणि बसतात, कारण मांस इतक्या वेगाने भरतं की हाडं आणि आतले अवयव मागं राहतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या निम्म्या दिवसांत दुप्पट मोठा पक्षी, असं सिनेमा सांगतो. ती रोजच्यासारखी शेडमधून चालते, मेलेले पक्षी उचलते, बाहेर आणून टाकते. चालता चालता बोलत असते. पक्षी कंपनीचे, खाद्य कंपनीचं, शेड तिचं, कर्ज तिचं. दोन शेडवाल्या शेतकऱ्यावर पाच लाख डॉलरच्या वर कर्ज आणि वर्षाची कमाई अठरा हजार डॉलरच्या आसपास, हा आकडा पडद्यावर येतो तेव्हा मला घाम फुटला. कंपनीला तिच्याकडून पूर्ण बंद, उजेड नसलेली शेडं हवी होती, ती तिने केली नाहीत, आणि करार गेला.

आता आमचं. संगमनेरकडं वडलांचं पाच हजार पक्ष्यांचं शेड होतं, करारावरच. कंपनीचं नाव लिहीत नाही. मी सहावी-सातवीत असताना शाळेत जायच्या आधी माझं काम होतं मरतूक गोळा करायचं. बादली घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, मेलेलं उचलायचं, आकडा वहीत लिहायचा. पिल्लं यायची एक दिवसाची, खोक्यांतून, चिवचिवाटाने अख्खं अंगण भरायचं. तुसावर कागद अंथरायचा, पडदे सोडायचे, शेगड्या पेटवून ऊब करायची, पहिला आठवडा आई आणि वडील आळीपाळीने रात्र रात्र जागायचे. आमच्या धाकट्यासाठी जागले नसतील एवढं जागायचे. आणि त्याच पिल्लांना पस्तिसाव्या दिवशी स्वतःचं वजन पेलत नसायचं. जी पांगळी व्हायची ती खाद्याच्या भांड्यापासून हातभर अंतरावर, भांड्याकडं तोंड करून मरायची. हे मी रोज बघायचो आणि मला वाटायचं कोंबडीची जातच तशी.

सुपरवायझर यायचा, वजनं घ्यायचा, बारीक पक्षी काढून टाका म्हणायचा, कारण त्यांनी एफसीआर बिघडतो. किलोभर वजन धरायला किती किलो खाद्य लागलं त्याचा हा हिशोब, त्यावर आमचे पैसे ठरायचे. काढून टाका म्हणजे काय ते वडील करायचे, शेडच्या मागं जाऊन. मला तिकडं येऊ द्यायचे नाहीत. पण परत आले की पाण्याच्या टाकीपाशी बराच वेळ हात धूत उभे राहायचे.

एका उन्हाळ्यात बाजारात दर पडले म्हणून कंपनीने लिफ्टिंग, म्हणजे तयार पक्षी उचलून न्यायचं, लांबवलं. माल तयार, बेचाळीस दिवस उलटून गेलेले, पक्षी अडीच किलोच्या वर, गाडीच येईना. शेहेचाळिसाव्या दिवशी दुपारी लाईट गेली, पंखे बंद, आम्ही गोणपाटं भिजवून पडद्यांवर टाकत होतो, शेजारचे धावून आले, तरी संध्याकाळपर्यंत चारशेच्या वर पक्षी चोची उघड्या टाकून मेले. हिशोबात ती मरतूक आमच्या नावावर.

मला जे बोलायचंय ते हे. आमच्या शेडमध्ये त्या मुक्या जिवांचे हाल होत होते, आणि ते वडलांच्या हातून होत होते, हे मी नाकारत नाही. पण ते ठरत होतं दुसरीकडं. पक्ष्याची जात, खाद्य, किती दिवस ठेवायचं, गाडी कधी यायची, यातलं काहीच वडलांच्या हातात नव्हतं. प्राण्यांवरच्या क्रूरतेचे जे व्हिडिओ फिरतात त्यात मान पिरगाळणारा हात दिसतो. करार दिसत नाही. 'फूड, इंक.' मध्ये मला पहिल्यांदा तो करार दिसला. तुम्ही असे कुठले सिनेमे पाहिलेत? आणि पाहून काही बदललं का?

स्वरदा_एम :

मुरमाड दादा, दोनदा वाचलं. वडलांचा हात धुण्याचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये.

मी 'डोमिनियन' सुचवीन, क्रिस डेलफोर्सचा, २०१८, ऑस्ट्रेलियातला. ड्रोन आणि लपवलेले कॅमेरे वापरून केलेला, दोन तासांचा, फुकट पाहता येतो. सलग पाहू नका, मला तीन बैठका लागल्या. त्यात डुकरांना कार्बन डायऑक्साइडच्या खड्ड्यात उतरवतात ते आहे. कागदावर त्याला प्राण्याला आधी बेशुद्ध करायची पद्धत म्हणतात, दयाळू पद्धत. कॅमेरा खाली पिंजऱ्यातच होता म्हणून कळलं की ती डुकरं गॅस नाकात गेल्या गेल्या किंचाळतात, उड्या मारतात, पिंजऱ्याच्या जाळीतून नाक बाहेर काढायला बघतात. कागद आणि कॅमेरा यात एवढं अंतर आहे.

मी अंडं सोडलं ते मात्र पिल्लांच्या पट्ट्यामुळे. अंड्याच्या जातीच्या कोंबडीचे नर काही कामाचे नसतात, अंडी देत नाहीत आणि ब्रॉयलरसारखं अंगही धरत नाहीत, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी वेगळे काढून मारतात. पिवळी पिवळी पिल्लं सरकत्या पट्ट्यावर, एक बाई दोन्ही हातांनी उचलून इकडे मादी तिकडे नर करतेय, आणि नरांचा पट्टा पुढे जाऊन पात्यांत पडतो. मी तोवर अगदी मनापासून समजत होते की अंड्यात कुणाचा जीव जात नाही. जर्मनीत वर्षाला साडेचार कोटींच्या आसपास पिल्लं अशी जायची, तिथे १ जानेवारी २०२२ पासून हे बंद केलं, आता अंड्यातच नर की मादी ते तपासतात. म्हणजे करायचं म्हटलं की होतं.

तुमच्या म्हणण्याला एक पुरवणी. हात दाखवला नसता तर करारापर्यंत कोण गेलं असतं? मला तरी आधी तो पट्टा दिसायला लागला.

बेलापूरकर :

मी मांसाहारी आहे आणि राहणार आहे हे आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको.

मुरमाड, तुमचा लेख खरा आहे, त्याबद्दल शंका नाही. पण या सिनेमांवर माझा राग आहे आणि तो मी मोकळेपणाने मांडतो. 'काऊस्पिरसी' (२०१४) पाहिला तेव्हा मीही हादरलो होतो, आठवडाभर घरात सगळ्यांना ऐकवत होतो की जगातला ५१ टक्के हरितगृह वायू गुराढोरांमुळे. मग कळलं की संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा २०१३ चा आकडा साडेचौदा टक्के होता. साडेचौदासुद्धा भरपूर आहे! मग फुगवलं कशाला? एकदा असं कळलं की माणूस त्यातलं खरं असलेलंसुद्धा टाकून देतो, माझं तेच झालं.

दुसरं, आपल्याकडे हा विषय निघाला की पाच मिनिटांत तो कुणाच्या ताटात काय यावर जातो. माझी आई अंगणवाडीत होती, तिथल्या पोरांना अंडं मिळालं की काय फरक पडतो हे तिने पाहिलंय. पिंजऱ्यातल्या कोंबडीबद्दल मलाही वाईट वाटतं हो, पण त्या पोराच्या ताटातलं अंडं काढून घ्यायला कुणी या सिनेमाचा वापर केला तर मी आडवा येणार.

स्वरदा_एम :

बेलापूरकर, आकड्याबद्दल पूर्ण सहमत, मलाही त्या सिनेमाने तोंडघशी पाडलंय. आणि अंगणवाडीतलं अंडं काढायचं मी कुठेही म्हटलेलं नाही. माझ्या ताटातलं काढलं, एवढंच.

काळी_माती :

बेलापूरकरांचा दुसरा मुद्दा मी पुढे नेते.

आपल्याकडे प्राणी आणि क्रूरता म्हटलं की मला 'फँड्री' आठवतो, नागराज मंजुळेंचा, २०१३. तो काही फूड इंडस्ट्रीवरचा सिनेमा नाही हे मला माहितीये. पण शेवटी जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय आणि अख्खं गाव, शाळेतली पोरं, कुंपणावर बसून बघतंय, हसतंय, फोटो काढतंय, हा प्रसंग आठवा. डुक्कर घाबरलेलं आहे, जब्या त्याहून घाबरलेला आहे, आणि दोघांनाही पळायला जागा नाही. जनावर पकडायचं, मारायचं, सोलायचं, ओढायचं काम कुणाच्या वाट्याला आलं आणि ज्यांनी ते वाटून दिलं ते कुठे बसून बघत होते, ते त्या कुंपणावर दिसतं.

कंपन्यांचंही असंच आहे असं मला वाटतं. 'फूड, इंक.' मध्येच रात्री कोंबड्या पकडायला येणारी माणसं आठवतायत का, बरीचशी कागदपत्रं नसलेली, लॅटिन अमेरिकेतून आलेली? त्यांच्या तोंडावर कॅमेरा येत नाही नीट, यायला नकोच. १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरने शिकागोच्या कत्तलखान्यांवर कादंबरी लिहिली ती कामगारांसाठी, त्यांची बोटं तुटतात, क्षय होतो, पगार कापतात म्हणून. लोकांनी वाचली आणि त्यांना काळजी पडली ती आपल्या पोटात जाणाऱ्या मांसाची. त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. कामगार होते तिथेच राहिले. स्वतः सिंक्लेअर म्हणाला होता की मी लोकांच्या काळजाला हात घालायला गेलो आणि चुकून पोटाला लागला. जनावरांचं तर तेव्हा कुणी नावही काढलं नाही.

म्हणून मी कुठलाही असा सिनेमा बघताना सुरी कुणाच्या हातात दिलीय आणि पगार कोण देतंय हे दोन्ही बघते.

डॉ_गोठा :

मी पशुवैद्य आहे, बावीस वर्षं गावोगाव फिरतोय, त्यामुळे दुधाबद्दल बोलतो.

अँड्रिया अर्नोल्डचा 'काऊ' (२०२१) कुणी पाहिलाय का? इंग्लंडमधल्या केंट परगण्यातली लुमा नावाची एक गाय, तिच्यामागे काही वर्षं कॅमेरा. निवेदन नाही, आकडे नाहीत, मुलाखती नाहीत. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. ती विते, वासराला चाटते, वासरू नेतात, ती हंबरते, यंत्रावर जाते, पुन्हा गाभण राहते. तिथली माणसं क्रूर नाहीत बरं का, प्रेमाने बोलतात तिच्याशी. आणि शेवटी एक दिवस तिला बाजूला नेतात, थोडं खायला ठेवतात आणि गोळी घालतात. मी आयुष्यात किती जनावरं मरताना पाहिली याची गणती नाही, तरी मला ते झेपलं नाही, कारण तोवर मला ती ओळखू यायला लागली होती. माझ्या रोजच्या फेरीत मला जनावर ओळखू येण्याइतका वेळ नसतो, हे तिथे बसून कळलं.

आपल्याकडे दुधात तसं एकच मोठं शेड नाही, लाखो छोटे गोठे आहेत, दोन म्हशींचे, चार गायींचे. तरी जे चालतं ते मी सांगतो. म्हशीचं नर रेडकू नको असतं, कारण ते दूध पितं आणि मोठं होऊन उपयोग नाही. त्याला कुणी मारत नाही. त्याला फक्त पाजत नाहीत. आठ-दहा दिवसांत ते आपोआप जातं. मग म्हैस पान्हवत नाही. मग पेंढा भरलेलं कातडं तिच्यापुढे उभं करायचं, नाहीतर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचायचं, रोज दोन वेळा, विनापरवाना बाटलीतून. सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना ते औषध बनवायला बंदी घातली होती, पण बाळंतिणींना रक्तस्रावात तेच औषध लागतं, त्यामुळे डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, आणि ते बरोबरही होतं. टोचणं मात्र चालूच.

आणि हे कंपन्यांनी आणलं असंही नाही. गांधीजींनी दूध सोडलं त्याला एक कारण फुका होतं, म्हणजे जास्त दूध निघावं म्हणून जनावराच्या अवयवात हवा फुंकायची पद्धत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, ज्याच्यासाठी रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत झगडल्या, कलम १२ मध्ये फुका नावानिशी आहे. त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आजही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या पिंजऱ्यांवर कायदा आयोगाला २०१७ मध्ये वेगळा अहवाल द्यावा लागला, तो का द्यावा लागला हे त्या पन्नास रुपयांत आलं.

मी शेतकऱ्याला दोष द्यायला गेलो की तो मला दुधाची पावती दाखवतो. फॅट एवढी, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) एवढं, दर एवढा, आणि पेंडीचं पोतं एवढ्याचं. रेडकाने दोन लिटर प्यायलं तर माझं काय उरतं डॉक्टर, असं विचारतो. माझ्याकडे उत्तर नसतं.

रविवारचा_खेळ :

डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रतिसादावर मला 'मंथन' आठवला. श्याम बेनेगल, १९७६. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून केलेला सिनेमा, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, स्मिता पाटील, गिरीश कार्नाड, नसीर. माझा फार लाडका आहे. खासगी डेअरीवाला गावाला कसा लुटतो, सोसायटी कशी उभी राहते, जात कशी आडवी येते, सगळं त्यात आहे. तुमचा प्रतिसाद वाचून काल परत पाहिला आणि पहिल्यांदाच मी म्हशींकडे बघितलं. सगळा सिनेमा त्यांच्या दुधावर उभा आहे आणि एकदाही कॅमेरा त्यांच्या तोंडाशी थांबत नाही. तक्रार नाही करत, तेव्हा लढाई वेगळी होती. पण 'काऊ' बघितलेल्या माणसाला ते दिसतं.

मुरमाड, तुम्ही कराराबद्दल विचारलंत तर मॉर्गन स्पर्लॉकचा 'सुपर साइज मी' चा दुसरा भाग बघाच, २०१७ चा, लोकांपर्यंत २०१९ मध्ये आला. तो स्वतः शेड घेऊन ब्रॉयलर वाढवतो आणि अलाबामातल्या शेतकऱ्यांना बोलतं करतो. तिथे शेतकऱ्यांची आपसात क्रमवारी लावतात, पैसे त्या क्रमावर. शेजाऱ्याचा एफसीआर चांगला आला तर तुझे पैसे कापले. पिल्लं कशी द्यायची, खाद्य कसलं द्यायचं हे कंपनीच्या हातात, म्हणजे तोंड उघडणाऱ्याला खराब पिल्लं दिली की झालं.

कारागिरी म्हणून बघायचं तर फार जुनी परंपरा आहे ही. जॉर्ज फ्रांजूने १९४९ मध्ये पॅरिसच्या कत्तलखान्यांवर वीसेक मिनिटांचा लघुपट केला, कृष्णधवल. पांढरा घोडा गुडघ्यावर येतो ते दृश्य मी फिल्म सोसायटीत विशीत पाहिलं, अजून तसंच्या तसं आठवतं. रंग असता तर रक्ताकडे बघून मान फिरवली असती, कृष्णधवल असल्यामुळे बघत राहिलो. फ्रेडरिक वाइजमनचा 'मीट' १९७६ चा, म्हणजे 'मंथन' च्याच वर्षीचा, त्यात तर कुणी काहीच समजावत नाही, नुसती गुरं आत जातात आणि खोकी बाहेर येतात.

गुलबक्षी :

आम्ही मुलीबरोबर 'ओक्जा' पाहिला (बाँग जून-हो, २०१७). ती तेव्हा अकरा वर्षांची. कोरियातल्या डोंगरात एक पोरगी आणि तिचं ओक्जा नावाचं अवाढव्य डुक्कर, आणि एक कंपनी जी दहा वर्षांपूर्वी ही डुकरं जगभरच्या शेतकऱ्यांकडे वाढवायला देऊन आता परत मागतेय. गोष्ट काल्पनिक, त्यामुळे मला वाटलं पोरीला झेपेल. कत्तलखान्याच्या दृश्याला तिने डोळे मिटले, पण रडली ती त्यानंतर. रात्री कुंपणाच्या आत शेकडो डुकरं उभी आहेत आणि दोन मोठी डुकरं आपलं पिल्लू तारेखालून ढकलून बाहेर देतात, ओक्जा ते तोंडात लपवते. मुलगी विचारत राहिली, आई बाकीची? बाकीच्यांचं काय झालं? मला काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती, नेली नाही. मारली, म्हटलं.

घरात चिकन बंद झालं का? नाही. पण रविवारी दुकानासमोर स्कूटरच्या दोन्ही बाजूंना पाय बांधून उलट्या लटकवलेल्या कोंबड्या आल्या की ती थांबते आणि बघते. त्या माना वर करून बघत असतात, डोकं सरळ ठेवायला धडपडत असतात. इतकी वर्षं त्याच दुकानात जातेय, माझं कधी लक्ष नव्हतं. आता आम्ही त्या दुकानदाराशी बोललोय, की दादा निदान क्रेटमधून आणा. तो चिडला नाही, पेट्रोल आणि फेऱ्यांचा हिशोब सांगितला त्याने. अजून बोलणं चालू आहे.

तिने नंतर 'गुंडा' पण पाहिला, नॉर्वेतल्या एका डुकरिणीचा, २०२० चा, एक शब्द नाही त्यात. शेवटी गाडी येऊन पिल्लं घेऊन जाते आणि ती आई मागे पुढे, मागे पुढे शोधत फिरते, कितीतरी वेळ. हा मोठ्यांनी बघावा.

आयोवा_डायरी :

मी अकरा वर्षं आयोवात आहे. इथे माणसांपेक्षा डुकरं जास्त, सातपटीच्या आसपास, आणि तुम्ही राज्यभर गाडीने फिरलात तरी एक डुक्कर दिसणार नाही. लांबच लांब खिडक्या नसलेली शेडं, टोकाला मोठे पंखे, आणि वारा फिरला की वास. आमची पोरं शाळेच्या बसमध्ये नाक धरतात. शेजाऱ्याला विचारलं की आत काय असतं, तर म्हणाला त्याच्या चुलतभावाची तीन शेडं आहेत पण तोही कुणाला आत नेत नाही, रोगाची भीती. ती भीती खरीही आहे. पण सगळं त्या एका कारणामागे झाकलं जातं.

म्हणूनच इथे कॅमेऱ्याविरुद्ध कायदे झाले. २०१२ मध्ये आयोवाने कायदा केला की खोटी माहिती देऊन फार्मवर नोकरी धरली तर गुन्हा, म्हणजे लपून चित्रीकरण करायला जाणाऱ्यांची वाट बंद. जानेवारी २०१९ मध्ये कोर्टाने तो भाषण स्वातंत्र्याविरुद्ध म्हणून उडवला, तर मार्चमध्ये नवीन आणला. युटामध्ये तर २०१३ मध्ये एका तरुणीने सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून कत्तलखान्याचं चित्रीकरण केलं म्हणून तिच्यावर गुन्हा दाखल झाला, पुढे मागे घ्यावा लागला. स्वरदाताईंच्या 'डोमिनियन' चंही तेच. एप्रिल २०१९ मध्ये त्या सिनेमाच्या लोकांनी मेलबर्नचा मुख्य चौक अडवला, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संसदेने कायदा केला तो फार्मवर घुसायला चिथावणी देणाऱ्यांविरुद्ध.

कॅमेऱ्याने होतं काय ते पण सांगतो. २००८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात चिनो इथल्या एका कत्तलखान्यातलं लपून केलेलं चित्रीकरण बाहेर आलं. उठता न येणाऱ्या आजारी गायींना फोर्कलिफ्टने ढकलतायत, नाकातोंडात पाण्याचा फवारा मारतायत, उभी राहिली तरच कापता येते म्हणून. त्यातलं बरंचसं मांस शाळेतल्या पोरांच्या जेवणाला जायचं. चौदा कोटी तीस लाख पौंड गोमांस परत मागवावं लागलं, मांस परत मागवायची अमेरिकेतली तोवरची सगळ्यात मोठी वेळ. काळी_माती, तुमचा मुद्दा इथे पण आहेच, तुरुंगात गेले ते कामगार. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने मतदान करून पिंजऱ्यांवर मर्यादा आणली, २०१८ मध्ये आणखी कडक कायदा केला, बाहेरच्या राज्यांतून तिथे विकायला येणाऱ्या मांसालाही लागू होणारा, डुक्करवाल्यांची संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे २०२३ मध्ये हरली. आमच्या इथल्या डुकरिणींना वळता येईल एवढी जागा द्यायला भाग पाडलं ते दीड हजार मैलांवरच्या मतदारांनी. तेव्हा सिनेमाने काही होत नाही असं मला म्हणवत नाही.

बेलापूरकर :

आयोवा_डायरी, ही माहिती मला नव्हती. काऊस्पिरसीवरून सगळ्यांना एकाच मापाने मोजत होतो, ते मागे घेतो. मुरमाड, तुमचं शेड आता चालू आहे का?

मुरमाड :

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतोय, एकेकाला उत्तर द्यायला हवं पण आज एवढंच.

बेलापूरकर, शेड बंद आहे. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आम्ही कसेबसे तरलो, कुठे नंदुरबार आणि कुठे आम्ही, पण चिकनचं नाव काढत नव्हतं कुणी. २०२० च्या फेब्रुवारीत चिकनमधून कोरोना होतो ही अफवा फिरली, दर मातीमोल झाले, कंपनीने पुढची पिल्लं टाकलीच नाहीत, आणि मग वडील म्हणाले बास. आता त्यात कांदा साठवतात.

डॉक्टरांनी लिहिलेलं 'त्याला फक्त पाजत नाहीत' हे वाचून आईला फोन केला होता. ती काही बोलली नाही, आमच्याकडे पण म्हैस होती.

या रविवारी गावाला गेलो तेव्हा वडलांना 'फूड, इंक.' मधला मॉरिसनबाईचा भाग फोनवर दाखवला. धाग्यातलं काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं हे बघा. त्यांना इंग्रजी येत नाही, मी शेजारी बसून सांगत होतो. पहिलं म्हणाले, अरे हे तर आपलंच शेड, फक्त लांब. मग पक्षी चार पावलं टाकून बसला तसं ते गप्प झाले. बाई बोलत होती, मी अर्थ सांगत होतो, त्यांचं लक्ष माझ्या बोलण्याकडं नव्हतं. कर्जाचा आकडा आला तसं त्यांनी मला थांबवून विचारलं, रुपयांत किती? सांगितलं. मग विचारलं, दार उघडलं तर तिचं पुढं काय झालं? म्हटलं करार गेला. नंतर तिने अंड्यांच्या कोंबड्या पाळल्या, मोकळ्या, गवतावर.

कंपनीच्या का स्वतःच्या?

स्वतःच्या.

बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग म्हणाले, ती मेलेली उचलते तेवढं परत लाव. लावलं. बाई वाकते, पाय धरून पक्षी उचलते, दुसरा उचलते, दोन्ही एका हातात. वडलांनी स्वतःचा उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता आणि बोटं तशीच धरली होती, मधल्या फटींत पाय अडकवल्यासारखी.